कॅमेऱ्याची बैठक

स्पेनच्या दक्षिणेस, आंदालुसिया प्रांतातील हेरेस, उत्रेरा, लेब्रिहा अशा गावांतून, हितानो या रोमा समाजातील कुटुंबांच्या घरी लग्नाच्या किंवा मुलाच्या बाप्तिस्म्याच्या निमित्ताने माणसे जमली, जेवणे उरकली आणि रात्र चढू लागली, की खुर्च्या हळूहळू भिंतींकडे सरकतात आणि मधोमध घोंगडीएवढी जागा मोकळी होते. कोणी एक जण बोटांच्या पेरांनी मेजावर ठेका धरतो. दुसरा तळहात किंचित पोकळ करून टाळी देतो. तिसरा त्या टाळीच्या फटीत आपली टाळी नेमकी बसवतो. आणि तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या व बाराव्या मात्रेवर आघात घेणारे ते बारा मात्रांचे आवर्तन एकदा खोलीत फिरू लागले, की गाणाऱ्याचा कंठ आणि नाचणारीचे पाऊल त्यातून जणू आपोआप बाहेर पडते. तेथे केवळ प्रेक्षक म्हणावा असा कोणीच नसतो. जो बसला आहे तो टाळी देतो, जो टाळी देत नाही तो नेमक्या क्षणी दाद देतो, आणि आत्ता टाळी देणारी म्हातारी पुढच्या आवर्तनाला पदर सावरून स्वतःच नाचायला उठते. फ्लामेंको ही मुळात अशा बैठकीची कला आहे. बैठकीला कोंडाळे असते, आणि कोंडाळ्याला दर्शनी बाजू नसते. कॅमेऱ्याला मात्र एकच डोळा, आणि तो एका वेळी एकाच दिशेला पाहणारा. या दोहोंचा परिचय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला खरा. परंतु कॅमेऱ्याने कोठे बसावे, हे कळण्यास पुढची जवळजवळ शंभर वर्षे खर्ची पडली. त्या शंभर वर्षांची ही हकीकत आहे.

ज्या समाजाने ही कला प्राणांपलीकडे जपली, त्याचे मूळ वायव्य भारतात आहे, हे भाषाशास्त्राने निर्विवाद सिद्ध केले आहे. स्पेनमधील हितानोंच्या बोलीत पाण्याला आजही ‘पान्यी’ म्हणतात, हे ऐकून मराठी माणसाचे मन क्षणभर चमकल्यावाचून राहत नाही. १४२५ साली आरागोनचा राजा पाचवा आल्फोन्सो याने ‘धाकट्या इजिप्तचा’ म्हणवणाऱ्या एका नायकाला आपल्या मुलुखातून निर्धास्त प्रवास करण्याचा परवाना दिला. हितानोंच्या स्पेनमधील वास्तव्याचा हा सर्वांत जुना लेखी दाखला होय. परंतु परवान्याचा हा काळ फार टिकला नाही. पुढील तीन शतके त्यांची भाषा, त्यांचा पोषाख आणि त्यांची भटकंती यांच्याविरुद्ध हुकमांमागून हुकूम सुटत राहिले, आणि १७४९ च्या जुलैत, सहाव्या फेर्नान्दोच्या अंमलात, देशभरातील हितानोंना एकाच वेळी कैद करण्याचा बंदोबस्त झाला. दफ्तरात ज्यांची नोंद केवळ अपराधी म्हणून होत होती, त्यांनी आपली स्वतःची नोंद गाण्यात ठेवली. लोहारकाम हा त्यांच्यातील अनेकांचा पेशा. म्हणून भट्टीपुढे, गिटारीशिवाय, ऐरणीवरच्या हातोड्याच्या घावांवर गायच्या ‘मार्तिनेते’ या गीतप्रकारात तो इतिहास साकळून राहिला आहे. आंदालुसियाची जुनी लोकगीते, मूरांच्या राजवटीचे संस्कार आणि हितानोंचा हा कंठ यांच्या संगमातून जे उत्पन्न झाले, ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर सेव्हिल, हेरेस, कादिस येथील गाण्याच्या कॅफेंतून पैसे देऊन ऐकता येऊ लागले. कोंडाळ्याची एक बाजू तेव्हाच प्रथम उघडली. तेथे चौथरा आला, आणि चौथऱ्यासमोर गिऱ्हाईक आले. कॅमेरा आला तो याच गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर.

१८९४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात, वेस्ट ऑरेंज येथे, एडिसनच्या कारखान्याच्या आवारातील एका काळ्या खोपटात आल्मेरियाची एक नर्तकी नाचली. तिचे नाव कार्मेन दाउसेत. न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांतून ‘कार्मेन्सिता’ या नावाने ती विख्यात झालेली होती, आणि सार्जंट व चेस या दोन थोर चित्रकारांनी तिची चित्रे रंगवली होती. ते खोपट डांबरी कागदाने मढवलेले असे. ऊन आत यावे म्हणून त्याचे छप्पर उघडत असे, आणि सूर्य सरकला की सबंध खोपटच रुळावर फिरवून त्याच्यासमोर आणीत असत. कार्मेन्सिता नाचली ती जेमतेम वीस सेकंदांच्या फितीपुरती. तिचे नृत्य शुद्ध फ्लामेंको नव्हते. स्पॅनिश रंगभूमीवरील नृत्याचा, म्हणजे फ्लामेंकोच्या सख्ख्या शेजाऱ्याचा, तो आविष्कार होता. तरीही या फितीपुढे मन थबकते. काळ्या पार्श्वभूमीवर एक बाई गिरक्या घेते, झगा उसळतो, ओठांवर हसू असते. आणि चहूकडे शांतता. टाळी नाही, गिटार नाही, पावलाचा आघात नाही. ज्या नृत्यात पाऊल हेच वाद्य, त्याचे चित्र मुके असणे म्हणजे तबल्याच्या नुसत्या फिरणाऱ्या बोटांकडे काचेआडून पाहत राहण्यासारखे आहे. ती फीत पाहण्याची रीतही एकट्याचीच होती: पेटीच्या भोकाला डोळा लावून एका वेळी एकाच माणसाने पाहावयाचे. बैठकीतील कला बैठकीपासून किती दूर नेता येते, याची ती परिसीमाच म्हणावी लागेल.

पुढे १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात आंदालुसियाचा एक देखावा उभारला होता, तेथील नर्तकांची चित्रे ल्यूमिएर बंधूंच्या माणसांनी घेतली. १९०५ साली आलिस गी ही फ्रेंच चित्रपटकर्ती स्पेनमध्ये गेली आणि ग्रानादाचे हितानो नाचताना तिने टिपले. नर्तकांना खोपटात बोलावण्याऐवजी कॅमेरा त्यांच्या गावी गेला, एवढी ही प्रगती. परंतु तो बहिराच होता. नेमक्या याच काळात कलेच्या अंतःकरणाला एक धास्ती लागून राहिली होती. चौथऱ्यावर खपणारे तेवढे जगेल आणि घराघरांतून मुरलेले जुने गंभीर गाणे वृद्धांबरोबर मातीला मिळेल, या चिंतेने संगीतकार मान्युएल दे फाया आणि तरुण कवी फेदेरिको गार्सिया लोर्का प्रभृतींनी १९२२ च्या जूनमध्ये, १३ व १४ तारखेच्या रात्री, ग्रानादाच्या आल्हाम्ब्रात गायनाची एक स्पर्धा भरवली. धंदेवाईक गायकांना तीत मज्जाव होता. दिएगो बेर्मुदेस नावाचा एक वृद्ध आणि मानोलो काराकोल नावाचा बारातेरा वर्षांचा एक मुलगा हे दोघे तेथे गौरवले गेले. एक जणू मावळत्या पिढीचा प्रतिनिधी आणि दुसरा उगवत्या. त्या रात्रींचा ठसा ज्यांच्यावर खोल उमटला त्यांनी पुढे जे केले, त्यात चित्रपटाचाही अंश आहे. तो प्रसंग यथाक्रम येईल.

बोलपट आला आणि पावलाला आवाज मिळाला. बार्सेलोनाच्या समुद्रकाठी सोमोर्रोस्त्रो नावाची झोपड्यांची वस्ती होती. तेथे वाळूत जन्मलेली आणि बापाच्या गिटारीवर लहानपणापासून खानावळींतून नाचणारी कार्मेन आमाया १९३५ च्या ‘ला इहा दे हुआन सिमोन’ या बोलपटात एका लहानशा प्रसंगात नाचली. या चित्रपटाच्या निर्मितीची सूत्रे लुइस बुन्युएलकडे होती. स्त्रीने बाहू, मनगटे आणि कंबर यांच्या वळणांतून नाचावे आणि पावलांचा पराक्रम पुरुषाने करावा, असा तोवरचा संकेत. आमायाने विजार चढवली आणि पावलांच्या वेगात पुरुषांनाही मागे टाकले. १९३६ च्या जुलैत यादवी युद्ध पेटले, तेव्हा ती लिस्बनमार्गे ब्यूनोस आयरेसला गेली आणि मग हॉलिवूडनेही तिला पडद्यावर आणले; पण तेथे ती कथेत मध्येच येणाऱ्या चमत्कारासारखी येई आणि तशीच जाई. इकडे स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीत आंदालुसियाची गाणी घालून रचलेल्या प्रेमकथांचे अमाप पीक आले. ग्रानादाचा तो मुलगा, मानोलो काराकोल, आता पोक्त गायक झाला होता. गायिका-नर्तकी लोला फ्लोरेसबरोबर १९४७ च्या ‘एम्ब्रुहो’ चित्रपटात त्याने काम केले. त्या काळच्या बहुतेक पटांत ठिपक्यांचा झगा, खिडकीतल्या कुंड्या आणि कंगवा खोवलेला अंबाडा यांच्या भाऊगर्दीत गाणे एखाद्या आश्रितासारखे राही. आवाज आला होता. परंतु बैठक अद्याप आली नव्हती.

ती दिशा प्रथम दाखवली एदगार नेव्हिल याने. हा सरदार घराण्यातला, वकिलातीत नोकरी केलेला, चॅप्लिनच्या स्नेहातला रसिक. तरुणपणी ग्रानादात फाया आणि लोर्का यांच्या सहवासाचा त्याला लाभ झालेला. १९५२ साली त्याने ‘दुएन्दे इ मिस्तेरिओ देल फ्लामेंको’ हा रंगीत चित्रपट केला. त्याला कथा नाही, नायक-नायिका नाहीत. एकामागून एक गीतप्रकार आणि नृत्यप्रकार आपापल्या भूमीवर उभे राहतात, एवढेच त्याचे सूत्र. उत्रेराच्या फेर्नान्दा आणि बेर्नार्दा या भगिनी, ज्यांचे गाणे तोवर घरच्या समारंभांपुरतेच होते, त्या या चित्रपटात दिसतात. आणि रोन्दा गावापाशी, जेथे दोन कड्यांमधील खोल दरीवर अठराव्या शतकातील प्रचंड दगडी पूल उभा आहे, तेथे आंतोनिओ हा नर्तक मार्तिनेतेवर नाचतो. भट्टीपुढचे ते गाणे त्यापूर्वी केवळ गायले जाई. त्यावर नृत्य रचले गेले ते याच वेळी प्रथम, आणि नंतर ते फ्लामेंकोच्या नित्य व्यवहारात कायमचे रुजले. चित्रपट परंपरेची नोंद घेण्यास गेला आणि परंपरेत एक नवे पान घालून आला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. उघड्या आकाशाखाली, गिटारीचा आधार नसताना, त्या एकट्या देहाकडे पाहताना कळते, की कॅमेऱ्याने येथे गिऱ्हाइकाची खुर्ची सोडली आहे; तो आता त्या भूमीचा पाहुणा झाला आहे.

पाहुण्याला घरात घेतले ते आमायाने. १९६३ साली फ्रान्सिस्को रोविरा बेलेता याने ‘लोस तारांतोस’ काढला. दोन वैरी हितानो घराण्यांतील मुलामुलीच्या प्रेमाची ही कथा बार्सेलोनाच्या रस्त्यांवर आणि सोमोर्रोस्त्रोच्या झोपड्यांमध्ये चित्रित झाली. त्यात नायकाच्या आईच्या भूमिकेत कार्मेन आमाया होती. जगभर नाचून आलेली ही बाई आता जन्मभूमीच्या त्याच मातीत, पत्र्याच्या आणि फळ्यांच्या घरांसमोर, आपल्याच माणसांच्या टाळ्यांत उभी राहिली. मूत्रपिंडाच्या व्याधीने तिचे शरीर पोखरले होते. तरी तिचे पाऊल जमिनीवर पडते तेव्हा आजाराचा मागमूस राहत नाही, उलट हे पाऊल कोठल्या जमिनीतून उगवले, ते प्रथमच डोळ्यांना दिसते. त्याच चित्रपटात तरुण आंतोनिओ गादेस मध्यरात्रीच्या राम्ब्लास मार्गावर, रस्ते धुणाऱ्यांच्या नळीतून उडणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यांमध्ये एकटा नाचतो; पाण्याचा, दिव्यांचा आणि टाचांचा तो मेळ ज्याने एकदा पाहिला तो विसरणार नाही. १९ नोव्हेंबर १९६३ रोजी बेगुर गावी आमायाचे निधन झाले, आणि १९६६ साली सोमोर्रोस्त्रोच्या झोपड्या पाडून किनारा साफ करण्यात आला. नर्तकी गेली, वस्ती गेली. दोघी एकत्र उरल्या त्या या फितीवर. कॅमेरा थोडा उशिरा पोहोचला असता, तर ही जोडी कायमची अंतरली असती.

या ‘थोडा उशीर झाला असता तर’ची जाणीव ज्यांना अंतर्बाह्य झाली होती, त्यांनी पुढचे काम हाती घेतले, आणि माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत थोर काम तेच होय. १९७१ ते १९७३ या काळात स्पेनच्या सरकारी दूरचित्रवाणीवर ‘रितो इ हेओग्राफिया देल कान्ते’, म्हणजे ‘गाण्याचे विधी आणि भूगोल’, ही मालिका दाखवली गेली. मारिओ गोमेस, पेद्रो तुर्बिका आणि होसे मारिया व्हेलास्केस-गास्तेलू या त्रयीने सुमारे शंभर भाग केले, प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा. रंग नव्हता, सजावट नव्हती. सोळा मिलिमीटरच्या फितीचा हलका कॅमेरा आणि खांद्यावरून नेता येईल असे ध्वनिमुद्रण यंत्र हाती आल्यामुळे दिव्यांचा लवाजमा आणि कारागिरांचा तांडा न घेता ही मंडळी गुत्त्यांत, अंगणांत, स्वयंपाकघरांत शिरली आणि तेथे बसून राहिली. कॅमेऱ्याने बसणे म्हणजे काय, ते येथे कळते. गायकाला वेळ दिला जातो. तो बोलतो, बापाने काय शिकवले ते सांगतो, खाकरतो, गिटारवाल्याकडे पाहतो, आणि मग गातो. हेरेसची वृद्ध तिआ आनिका ला पिरिन्याका, जी आपण मनापासून गायलो की तोंडात रक्ताची चव येते असे म्हणत असे, ती येथे आहे. मोरोन गाव सहसा न सोडणारा आणि धंदेवाईक ध्वनिमुद्रणापासून दूर राहिलेला गिटारवादक दिएगो देल गास्तोर येथे आहे; १९७३ च्या जुलैत, मालिका संपण्यापूर्वीच, तो मरण पावला. उत्रेराच्या त्या दोन भगिनी येथे पुन्हा भेटतात. आणि कामारोन दे ला इस्ला हा विशीतला गोरा, अबोल गायक, ज्याच्या कंठाने पुढे सबंध फ्लामेंकोचा चेहरामोहरा पालटला, तो भेटतो तो त्याच्या घरच्या माणसांमध्ये. तेथे त्याची आई हुआना क्रुस गाते, आणि त्या आवाजात मुलाच्या आवाजाचे मूळ आपल्या कानांना सापडते. कोणत्याही ग्रंथाने वंशपरंपरेचे याहून स्पष्ट विवरण केलेले नाही. ग्रानादाच्या स्पर्धेतला मुलगा काराकोलही, आता आयुष्याच्या अगदी अखेरीस, या मालिकेत दिसतो. १९२२ साली फाया आणि लोर्का यांना जी धास्ती वाटली होती, तिचे उत्तर पन्नास वर्षांनी या करड्या चित्रांनी दिले.

एवढे झाल्यावर चित्रपटाला कलाकृती म्हणून काही करावयाचे उरले होते का? दिग्दर्शक कार्लोस साउराने ते केले. लोर्काच्या ‘बोदास दे सांग्रे’ या नाटकावर आंतोनिओ गादेसने १९७४ साली नृत्यनाट्य रचले होते. निर्माता एमिलिआनो पिएद्रा याच्या आग्रहावरून साउराने ते पाहिले, आणि १९८१ साली त्याचा चित्रपट केला. नेपथ्य उभारून नाटक चित्रित करण्याचा मोह त्याने टाळला आणि तालीमच टिपली. नर्तक येतात, रंगभूषा करतात, आरशाच्या कडेला देवदेवतांची आणि आप्तांची चित्रे लावतात, अंग मोकळे करतात, आणि मग मोकळ्या दालनात, खिडक्यांच्या उजेडात, न थांबता सबंध नाट्य सादर करतात. शेवटच्या सुरीद्वंद्वात संगीत थांबते आणि दोन पुरुष अत्यंत मंद गतीने एकमेकांवर चालून जातात. ही मंदगती यंत्राची नव्हे, त्या दोघांच्या स्नायूंची आहे. कॅमेरा काहीच करामत करीत नाही, तो श्वास रोखून पाहतो; त्या संयमात नर्तकाविषयीचा केवढा आदर आहे! १९८३ च्या ‘कार्मेन’मध्ये तालमीच्या दालनातील भिंतभर आरसे हेच जणू पात्र होतात, आरशात नाचणारा आणि पाहणारा एकाच चौकटीत येतात, आणि दर्शनी बाजू नसलेल्या कोंडाळ्याचे कोडे सुटते. त्यातील तंबाखूच्या कारखान्याच्या प्रसंगात मेजांभोवती बसलेल्या स्त्रिया हातांनी मेज बडवून ठेका उभा करतात. घरच्या मेजावरची ती बोटांची पेरे येथे सबंध स्त्रीसमूहाची होतात.

पुढे साउराने कथाही सोडून दिली. १९९२ च्या ‘सेव्हियानास’मध्ये कामारोन गायला, त्याच वर्षाच्या २ जुलैला, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. १९९५ साली सेव्हिलच्या प्लासा दे आर्मास या बंद पडलेल्या जुन्या रेल्वे स्थानकात ‘फ्लामेंको’ चित्रित झाला. छायालेखक व्हित्तोरिओ स्तोरारो याने अर्धपारदर्शक उभे पडदे लावून त्यांच्या मागून प्रकाश सोडला, आणि मावळतीपासून पुन्हा उजाडेपर्यंतचे रंग त्या दालनात एकेका गीतप्रकाराच्या वृत्तीप्रमाणे फिरवले. कोणी म्हणेल की हा उजेड घरच्या बैठकीतला नव्हे. ते खरे आहे. परंतु त्या उजेडात पिढ्या एकमेकींशेजारी उभ्या राहतात, हेही तितकेच खरे. फारुको हा थोर नर्तक, ज्याने आपला तरुण मुलगा अपघातात गमावला होता, तो तेथे नाचतो: देह जड झालेला, पावले मोजकी, पण प्रत्येक पावलामागे मौनाचा डोंगर. आणि त्याच प्रसंगात बारातेरा वर्षांचा त्याचा नातू फारुकितो, त्या गेलेल्या मुलाचेच नाव धारण करणारा, नाचतो. १९९७ साली फारुको गेला. नातवाने जे घेतले ते चित्रपट पाहून घेतले नव्हते; आजोबांच्या शेजारी बसून, त्यांच्या टाळीत आपली टाळी मिळवून घेतले होते. चित्रपटाने ते देणेघेणे आपल्यासमोर आणले.

१६ नोव्हेंबर २०१० रोजी युनेस्कोने फ्लामेंकोची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. ज्यांच्या नावे एके काळी अटकेचे हुकूम निघत, त्यांच्या कंठाला जगाच्या दफ्तरात मानाची जागा मिळाली, याचा आनंद कोणाला होणार नाही? परंतु नोंद आणि बैठक यांत अंतर आहे, आणि ते अंतर कमी करण्याचे श्रेय कॅमेऱ्याने जेव्हा जेव्हा मिळवले, तेव्हा तेव्हा ते दिपवून नव्हे, तर मांडी घालून, गप्प बसून, गाणाऱ्याला वेळ देऊन मिळवले. तिआ आनिकाच्या तोंडून शब्द फुटण्यापूर्वीची ती क्षणभराची शांतता मालिकेतून कापून टाकली असती, तर गाणे उरले असते आणि ती स्वतः निसटली असती. आज हेरेसपासून हजारो कोसांवर, आपल्या घरात एकटा बसून ती करडी चित्रे पाहणारा माणूस पहिल्या आवर्तनाला नुसता ऐकतो, दुसऱ्याला मोजतो, आणि तिसऱ्याला त्याच्याही नकळत त्याच्या बोटांची पेरे मेजावर बाराव्या मात्रेची वाट पाहू लागतात.